शिवलेली शेपटी

‘उद्या या’ हे दोन शब्द ज्याच्या तोंडून कधीच निघाले नाहीत असा शिंपी मी आयुष्यात एकच पाहिला. नगरला आमचा शिंपी दिवाळीचा ब्लाउज संक्रांतीला देई आणि वर आम्हीच घाई करतो म्हणून रुसून बसे. त्यामुळे कुवेतला आल्यावर हवल्ली भागातल्या एका तळघरातल्या दुकानात नवऱ्याच्या पँटी घेऊन गेले, ती आठवडाभर खेपा घालायची तयारी ठेवूनच. तिथल्या शिंप्याने, म्हणजे मास्टरांनी, पँटी उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाले, "बसा. आत्ताच करतो." हातात दुसरं काम असलं की तेही तोंडावर सांगत. "आज होनार नाय. समोर दुसरा टेलर हाय, त्याच्याकडं जा." आज होणारं काम घ्यायचं, न होणारं परत पाठवायचं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण उद्याचा वायदा नाही.

बरं, काम आत्ताच करतो म्हटलं तरी ते झटपट होत असे असं नाही, कारण मध्ये कात्री होती. कापड कापून झालं की मास्टर कात्री मिटत, पात्यांना चिंधीचा वेढा देत, गाठ मारत आणि ती खणात ठेवत. पुन्हा कापायचं असलं की खण उघडायचा, गाठ सोडायची, कापायचं, परत गाठ. हा सोहळा पाहताना माझा जीव वरखाली होई. एकदा न राहवून विचारलं, "मास्टर, कात्री पळून जाते का?" ते गाठ मारत म्हणाले, "उघडी राहिली की घरात भांडनं लागतात, टीचर." रिकामी कात्री कचकचवली म्हणून लहानपणी मीही पाठीत धपाटे खाल्ले आहेत, तेव्हा समजूत काही नवी नव्हती. पण तिला कैद्यासारखी बांधून ठेवणारा माणूस मी पहिलाच पाहिला.

मी शाळेत शिकवते हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला टीचर करून टाकलं होतं. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. उंच, मानेत वाकलेले, गळ्यात टेप आणि कानावर खडू. बायको आणि मुलं गावाला. पाटीवर त्यांचं नाव अरबीत होतं, ते मला वाचता येत नव्हतं, आणि सगळी गल्ली ‘मास्टर’ म्हणे म्हणून मीही मास्टर म्हणू लागले. त्या गल्लीत माझ्या कानावर पडलेला पहिला मराठी शब्द त्यांचा होता. काम नसतानाही मी एखादं बटण तोडून घेऊन तिथे जात असे, असं नवरा म्हणायचा. त्यात थोडं तथ्य आहे.

त्यांचं तिसरं वागणं मात्र मला कळत नसे. ईद जवळ आली की कुवेतमधल्या शिंप्यांना जेवायला फुरसत नसते. दिशदाशा, म्हणजे इथले पुरुष घालतात तो पायघोळ झगा, त्यांचे नुसते ढीग लागतात. नेमक्या त्या दिवसांत मास्टर ईदेचं एकही काम घेत नसत. शटर अर्धं ओढून, पडद्यांच्या कडा दुमडत बसत. शेजारचा इस्त्रीवाला डोक्याशी बोट फिरवून मला खूण करी. मी एकदा विचारलं, "मास्टर, वर्षाची कमाई सोडता?" "मला त्या कामाची सवय नाय राह्यली," एवढंच ते म्हणाले आणि मशीन चालू केलं. मशीन चालू झालं की प्रश्न संपले, हे तोवर मला कळलं होतं.

माझी शाळा अमेरिकन पद्धतीची. मुलं इजिप्तची, लेबननची, कुवेती, थोडी आपली. अमेरिका पाहिलेलं त्यात कोणी क्वचितच. तरी दर वर्षी प्रत्येक वर्गाला एकेक अमेरिकन राज्य वाटून मिळतं, आणि त्या राज्याची अधिकृत मानचिन्हं होऊन, तसे पोशाख घालून मुलांनी स्टेजवर यायचं असतं. त्या वर्षी चिठ्ठीत आमच्या वाट्याला ओक्लाहोमा आलं. मी नकाशात शोधायला गेले तर ते टेक्ससच्या डोक्यावर बसलेलं निघालं. आणि त्याची मानचिन्हं तर विचारूच नका. त्या राज्याला राज्यपक्षी आहे, राज्यप्राणी आहे, रानफूल वेगळं आहे, गुलाबाच्या आकाराचा दगड आहे, उडणारा सस्तन प्राणी म्हणून वटवाघूळ आहे. भाजी आहे, फळ आहे आणि ताटात काय काय वाढायचं त्याचाही ठराव आहे. मी चित्रांची गठडी घेऊन मास्टरांकडे गेले. त्यांनी अट घातली, "सगळं एकदम टाकू नका. रोज एक चित्र आना. त्या दिवशी तेवढंच शिवीन." मग शाळा सुटली की मी रोज तळघरात.

ते दिवस फार मजेचे गेले. पहिल्याच दिवशी कलिंगड निघालं. मी सांगितलं, ही त्यांची राज्यभाजी. मास्टरांनी चष्मा वर केला. "कलिंगड? भाजी?" म्हटलं, तसा रीतसर कायदा आहे. "मंग फळ कोनतं?" म्हटलं, स्ट्रॉबेरी. फळाची जागा आधीच भरली होती, म्हणून बिचाऱ्याला भाजीत घेतलं असावं. मास्टर विचार करून म्हणाले, "असतं तसं. मी पन इकडं ड्रायवरच्या विजावर आलोय. गाडी अजून येत नाय." आणि त्यांनी इतक्या आपुलकीने ते कलिंगड शिवलं की स्टेजवर सगळ्यांत देखणं तेच दिसलं.

राज्याच्या ताटात तळलेली भेंडी, चवळी आणि मक्याचा पाव आहे हे ऐकून त्यांचा ओक्लाहोमाशी घरोबाच झाला. "म्हंजे जेवन आपलंच की." रानफुलाचं चित्र पाहिलं तर तो चक्क आपला गलांडा. "हा आमी नवऱ्याच्या गाडीला लावायचो," ते म्हणाले. वटवाघळाला सरकारने मान दिला हे मात्र त्यांना पसंत नव्हतं. तेही त्यांनी शिवलं, पण चेहरा जरा माणसात आणून. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "आपल्याकडं हायत का असे?" मी सांगितलं, हरियाल पक्षी, शेकरू, ताम्हणाचं फूल. "ताम्हन आमच्या खाडीवर हाय," ते म्हणाले, "आमच्या आईच्या खोलीतून दिसायचं." आणि त्यांनी मशीन चालू केलं.

सगळ्यात शेवटी मी पक्षी नेला, कारण कार्यक्रमातल्या नाचाची सगळी मदार त्याच्यावर होती. हा पक्षी लहानसाच, पण शेपूट त्याच्या अंगापेक्षा लांब, दोन पट्ट्यांची. बसला की त्या पट्ट्या मिटलेल्या असतात आणि उडाला की कात्रीसारख्या फाकतात. नावही त्यावरूनच पडलेलं. मी मास्टरांना ते फोनवर दाखवलं. थंडीत हा दक्षिणेला जातो आणि उन्हाळ्यात परततो असंही सांगितलं, म्हणजे त्यांना तो जवळचा वाटेल. "आपल्यासारखाच मंग, बाहेर नोकरीला," असं ते म्हणाले खरे, पण हसले नाहीत. वर्गातली एक इजिप्तची मुलगी पक्षी होणार होती. तिने हात पसरले की मनगटाला बांधलेल्या फितींनी शेपटी उघडायची, अशी सगळी रचना मी कागदावर काढून दिली होती. मास्टरांनी तो कागद मिटून खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पक्षी तयार होता आणि तो सुंदर होता. राखाडी अंग, बगलेत गुलाबी झाक, बक्रम घालून ताठ केलेली शेपटी. मी फिती ओढल्या. शेपटी हलेना. पाहते तो दोन्ही पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकमेकींना हाताने शिवून टाकलेल्या. टाका इतका बारीक की दिसू नये. "मास्टर, हे काय?" ते दोऱ्याचं रीळ गुंडाळत म्हणाले, "बसलेला असतो तवा बंदच असते ना? तुमीच दाखवलं. बसलेला करा." म्हटलं, "नाच उडण्याचा आहे. बसलेला पक्षी काय नाचणार?" ते म्हणाले, "माझ्या हातनं उघडी कात्री होनार नाय, टीचर."

मग त्यांनी मला भावाची गोष्ट सांगितली. धाकटा भाऊ, युसुफ. वडील गेल्यावर मास्टरांनीच त्याला वाढवलं, शिवण शिकवलं, कुवेतला आणलं. या तळघरात दोघांची दोन मशीनं समोरासमोर होती. एका दिवशी कापायच्या टेबलावर कात्री उघडी राहिली, ती मास्टरांनीच ठेवलेली, आणि त्याच संध्याकाळी भाऊ दुकान सोडून गेला, तो आजतागायत बोलत नाही. "माझीच चूक," ते म्हणाले. "कात्री मी ठेवली."

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. गप्प बसून चहा तरी मागवायचा. पण कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला, हेडबाईंचा ससेमिरा मागे, आणि माझा स्वभाव आधीच तापट. मी म्हणाले, "मास्टर, कात्रीने कोणाचे भाऊ जात नाहीत. तुमच्या या समजुतीपायी माझ्या वर्गाचा पक्षी जमिनीवर बसवू का?" त्यांनी फक्त हाताने जिन्याकडे खूण केली. त्यात राग नव्हता. ‘समोर दुसरा टेलर हाय’ असं सांगताना ते करत, तीच ती खूण.

समोरच्या टेलरने दोन दिवसांवर आलेलं शाळेचं काम पाहून हात वर केले. मग आमच्या शाळेतल्या एका बाईने अब्बासियातल्या एका शिंप्याचा पत्ता दिला. तिथली वस्ती म्हणजे एकाला एक लागून दुकानं, रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि गाडी लावायला जागा म्हणून नाही. घामाघूम होऊन मी त्या दुकानात शिरले. केसांना कलप लावलेला, हसरा, रेडिओ ऐकणारा माणूस होता. मी पक्षी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ही शेपटी उसवून हवी आहे. त्याने शेपटी उताणी केली, टाक्यावरून अंगठा फिरवला आणि रेडिओ बंद केला.

"हवल्लीला शिवलंय काय?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "हा टाका आमच्या अब्बांचा. आता हा घालनारे दोघंच उरलेत. एक मी."

कुवेतमध्ये शिंप्यांना तोटा नाही आणि मी नेमकी युसुफच्याच टेबलावर मास्टरांचं काम मोडायला घेऊन आले होते. परत न्यावं असं मनात आलं. ते मनात आलं हे मी आवर्जून सांगते आहे, कारण मी ते केलं नाही. युसुफने विचारलं, "उघडू?" मी म्हणाले, "उघडा." त्याने पुन्हा विचारलं, "नक्की उघडू ना, मॅडम?" मी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. त्याने पातं लावलं नाही. सुईच्या टोकाने एकेक टाका सैल केला आणि आख्खा दोरा न तुटता ओढून काढला. मी आभार मानले तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं.

कार्यक्रमाला मी मास्टरांना बोलावलं होतं, आणि ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवटची रांग. कलिंगड आलं, राज्यप्राणी गवा आला, माणसाच्या चेहऱ्याचं वटवाघूळ आलं, आणि मास्टर स्वतःच्या नातवंडाकडे पाहावं तसे प्रत्येकाकडे पाहून मान हलवत होते. मग पक्षी आला. मुलीने हात पसरले, शेपटी लांबच लांब उघडली, सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मास्टर उठून बाहेर गेले.

मी विंगेतून निघून त्यांना बाहेर गाठलं. "कोनी उघडली?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, नाव लपवलं नाही. मला माहीत नव्हतं तो कोण आहे, आणि कळल्यावरही मीच उघडायला लावलं, तो दोनदा विचारत होता, हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं टाका वळखला?" म्हटलं, वडिलांचा टाका म्हणाला. मास्टर म्हणाले, "वळखून उघडला. म्हंजे त्याचा राग गेलेला नाय." मी पुन्हा पुन्हा सांगितलं, अहो, गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून उघडला. "तुमी सांगितलंत ते खरं," ते म्हणाले. "पन हात त्याचा."

त्यानंतर तळघरात गेले की मशीन बंद असे. मास्टर कामं परत पाठवत. आज होणार नाही, एवढंच सांगत. इस्त्रीवाला आता डोक्याशी बोट फिरवत नव्हता. तो मला विचारी, तुम्ही त्यांना काय केलंत? सगळ्या वर्गांत ओक्लाहोमाला पहिलं बक्षीस मिळालं, त्याची ढाल माझ्या टेबलावर होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी एका दुपारी मी पुन्हा अब्बासियाला गेले. युसुफने एकदा भावाला फोन करून सांगावं, की ते फक्त काम होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. तेवढ्याने भागेल असा माझा हिशेब होता.

युसुफचं दुकान निम्मं रिकामं झालं होतं. कपाटं विकली होती. तो इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपवून कायमचा गावी निघाला होता, येत्या शुक्रवारी रात्रीच्या विमानाने. मी कात्रीची गोष्ट सांगितली.

"कात्री? त्यानं तुमाला कात्री सांगितली?"

मग खरी गोष्ट त्याने सांगितली, मशीनवरचा हात न थांबवता. गावाहून निरोप आला होता, आई आजारी आहे, युसुफला बोलावते आहे. रमजान चालू होता, दुकानात ईदेचे कापलेले कपडे छातीइतके रचलेले. मोठा भाऊ म्हणाला, एवढी ईद होऊ दे. ईद झाली की जा. "अब्बांच्या जागेवर होता तो," युसुफ म्हणाला. "मी बसलो शिवत. ईदेच्या आदल्या दिवशी आई गेली. मी दुसऱ्याचे कपडे शिवत होतो." जायला निघताना टेबलावर कात्री उघडी होती की बंद, हे त्याने पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, त्यांना काय सांगू? तो म्हणाला, "सांगा, कात्रीचा काय दोष नाय." मी थांबले, आणखी काही म्हणेल म्हणून. त्याने पुढचं कापड मशीनखाली सरकवलं.

मी परत आले ती थेट तळघरात. सगळं सांगितलं. शुक्रवारही सांगितला. मास्टर टेबलाला दोन्ही हात टेकवून उभे होते. म्हणाले, "गिऱ्हाईक नाराज होईल म्हनून थांबवला त्याला. आता त्यातल्या एका गिऱ्हाइकाचं तोंड आठवत नाय." मला राहवलं नाही. अशा वेळी माणसाला काही बोलायचं सुचत नाही आणि मग तो जे सगळे बोलतात ते बोलतो. मी म्हणाले, "मास्टर, यात तुमची काय चूक? तुम्हाला काय माहीत होतं, त्या जातील म्हणून? आणि आई तुमचीही होतीच की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उपकार मानल्यासारखं काही नव्हतं. "तुमी घरी जा, टीचर," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, त्यांचा फोन आला. "गाडी हाय काय?"

मी त्यांना घेऊन अब्बासियाला निघाले. मला वाटलं होतं, तिथे पोचल्यावर रडारड होईल, गळाभेट होईल, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनावरचं ओझं उतरेल अशी मला घाई झाली होती. तसं काही झालं नाही. दुकानात दोनच वस्तू उरल्या होत्या, दोन मशीनं, संध्याकाळी कोणी न्यायला येणार होता. युसुफ एकावर बसून शेवटच्या गिऱ्हाइकाचे कुर्ते पुरे करत होता. त्याने वर पाहिलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मास्टर दुसऱ्या मशीनवर बसले, ढिगातला एक कुर्ता ओढला आणि बाही जोडायला घेतली. मी दाराशी उभी. दोन्ही मशीनं चालत होती आणि बाहेर कोणी पोरं क्रिकेट खेळत होती.

तिसरा की चौथा कुर्ता असेल. मास्टरांनी पायडलवरचा पाय काढला.

"तुला तवाच जाऊ द्यायला पायजे होतं."

युसुफचं मशीन थांबलं. मी मनात म्हणत होते, आता म्हण, जाऊ दे, म्हण, झालं गेलं. त्याने हातातला दोरा दातांनी तोडला.

"हो," तो म्हणाला. "पायजे होतं."

एवढंच. मग त्याने एक कुर्ता मास्टरांकडे सरकवला. "याची काजं राह्यलीत. हातानं कर. मशीनची गिऱ्हाइकाला आवडत नायत." मास्टरांनी सुई मागितली. युसुफने आपल्या कॉलरला टोचलेली सुई काढून दिली. सगळे कुर्ते संपेपर्यंत ते दोघं शिवत होते, आणि त्यात जे काही बोलणं झालं ते बटणांचं. निघताना युसुफ पायरीपर्यंत आला. "गुडघ्याला तेल लावत जा," तो भावाला म्हणाला. मिठी नाही, काही नाही. मला त्याचा राग आला. इतकी वर्षं जळणाऱ्या माणसाला एक शब्द द्यायला याचं काय जात होतं, असं वाटलं. गाडीत बसल्यावर मी ते बोलूनही दाखवलं. "निदान आज तरी ‘जाऊ दे’ म्हणायचं त्याने."

मास्टर पट्टा लावत होते. त्यांचा हात थांबला. "नको," ते म्हणाले. "सगळे तेच बोलले मला. बायको बोलली, मौलवी बोलले, गावची मानसं बोलली. तुमची काय चूक, तुमची काय चूक. तुमी पन बोललात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी इतकी वर्षं एकटाच घेऊन बसलो होतो, टीचर. कोन हात लावायला तयार नव्हतं. आज तो हो बोलला."

मी गाडी सुरू केली. मीही त्या माणसांतलीच एक होते. त्यांची चूक मी त्यांना देत नव्हते, कारण ती पाहायला मला जड जात होतं. माझी स्वतःची चूकही, ती उघडलेली शेपटी, मी अशीच घाईघाईने कोणाच्या तरी फोनवर उरकायला निघाले होते.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा मास्टरांची मान कलली होती. सिग्नलला पाहिलं तर ते गाढ झोपले होते, तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. हवल्लीचं वळण आलं. मी त्यांना उठवू शकले असते. घरी नवरा जेवायचा थांबला होता, फोन वाजत होता. मी वळण सोडून दिलं आणि समुद्राच्या बाजूने गाडी चालवत राहिले, ते आपले आपण जागे होईपर्यंत.